सरासरी बोंडं 21.5 आली, मग चल खंडित की अखंडित?

कृषिकन्या_सातवं_सत्र
रावेसाठी (कृषी पदवीतला गावात राहून करायचा कार्यानुभव) सध्या यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात आहे. ज्या काकांच्या वावरात नोंदी घेते, तिथली पऱ्हाटीची (कपाशीची) दहा झाडं धरली आणि एकेकाची बोंडं मोजली: 18, 22, 9, 31, 27, 24, 14, 26, 20, 24. (9 वालं झाड धुऱ्यावरच्या बाभळीखाली होतं, तेही धरलं.) बेरीज 215, सरासरी 21.5. उत्तर दशांशात आलं म्हणून वहीत लिहिलं, ‘बोंडांची संख्या: अखंडित चल’. सरांनी लाल पेनानं गोल केला, वर ‘खंडित’ लिहिलं आणि वही परत दिली. कारण काही सांगितलं नाही. काकांना आकडा सांगितला तर ते धुऱ्यावर बसून हसत सुटले, “साडेएकवीस? अर्धं बोंड कोन्या झाडाले लागते वं पोरी?”
आता खंडितच असेल तर 21.5 ठेवू की 22 करू?

निवृत्त_मास्तर
काकांनी पुस्तकातली व्याख्याच सांगितली बेटा, फक्त वऱ्हाडीत. चल कोणता, हे एका झाडापाशी उभं राहून ठरवायचं. तिथं बोंडं 21 असतील नाहीतर 22, मधली जागा रिकामी, म्हणून खंडित. अखंडित चलाला मधली कोणतीही किंमत घेता येते. सरासरी दहा झाडांची मिळून आहे, ती कोणत्याच झाडाला लागलेली नाही. दशांश दिसला की ‘अखंडित’ लिहून मोकळं व्हायचं, हे मी उत्तरपत्रिकांत आयुष्यभर पाहिलं.
पण 22 करू नको. तीन बाय एक फुटावर लागवड असेल तर एकरी 43,560 भागिले 3, म्हणजे 14,520 झाडं. झाडामागं अर्धं बोंड वाढवलंस की एकरी 7,260 बोंडं वाढली. बोंडाला 4 ग्रॅम कापूस धर, झाले 29 किलो. एवढा कापूस नुसता वहीत पिकेल.

पऱ्हाटीवाला
मास्तर, मंग वेचणीचं का? आमच्या इथं बाईचा कापूस काट्यावर टाकला का 18.50 दाखवते, नाहीतं 18.55. मधातलं काही दाखवतच नाही. वजनही खंडितच झालं ना बाप्पा!

निवृत्त_मास्तर
उडी काटा मारतो भाऊ, कापूस नाही. सोनाराचा काटा आणला तर मधलाही आकडा दिसेल. बोंडं मोजायला कितीही भारी यंत्र आणा, 21 नंतर 22 च.

वावरातला_सल्लागार
याच्या उलटंही होतं. गुलाबी बोंडअळीसाठी 20 बोंडं फोडून पाहतेस ना? किडक्या बोंडांचा टक्का 0, 5, 10, 15 असाच चढतो, 7 टक्के कधी येणारच नाही. 10 टक्क्यांवर फवारणीचा विचार करायचा, म्हणजे 20 मध्ये 2 किडकी. टक्का दिसला तरी आत मोजणीच आहे. पावसाचंही पाहा. मिलिमीटर अखंडित. पण हवामान खातं 24 तासांत 2.5 मिमी किंवा जास्त पडला तरच तो ‘पावसाचा दिवस’ धरतं, आणि असे दिवस मोजले की खंडित.

कृषिकन्या_सातवं_सत्र
कळलं. पण गट 10–20, 20–30 असे पाडले, तर 20 बोंडांचं झाड कुठं टाकू?

निवृत्त_मास्तर
0–9, 10–19, 20–29, 30–39 असे पाड. समावेशक गट, दोन्ही टोकं आतच. 19 आणि 20 च्या मधात काही सांडायला नाहीच.

कृषिकन्या_सातवं_सत्र
1, 2, 6, 1. बेरीज दहा, जमलं! काकांना 29 किलोचा हिशेबही सांगितला. या वेळी हसले नाहीत. म्हणाले, “मंग ते बाभळीखालचं झाड काऊन धरलं?”