विषय: कोजागिरी आणि ग्रीन कार्ड

नमस्कार मंडळी,
शनिवारी येताना ग्रीन कार्ड (अमेरिकेतल्या कायम वास्तव्याचा परवाना) जवळ ठेवायचं का, असं तिघाचौघांनी विचारलंय. १८ वर्षांवरच्या प्रत्येक कार्डधारकाने ते सतत जवळ बाळगायचं, असा १९५२ पासूनचा कायदाच आहे. नसेल तर दंड किंवा ३० दिवसांपर्यंत कैद. नागरिकांना हे बंधन नाही. आमची कार्डं मात्र हरवायच्या भीतीने लॉकरमध्ये, मंगळसूत्राच्या डबीखाली! केशर कुणी आणू नका, भरपूर आहे.
शुभदा

शुभदा,
एवढा बाऊ कशाला? कर नाही त्याला डर कशाला? ११ सप्टेंबरचे १९ च्या १९ अपहरणकर्ते व्हिसा घेऊनच आले होते. त्यांतल्या दोघांच्या विद्यार्थी व्हिसाची मंजुरी कळवणारी पत्रं तर हल्ल्यानंतर सहा महिन्यांनी फ्लोरिडातल्या वैमानिक प्रशिक्षण शाळेत पोचली! आपण वर्षानुवर्षं रांगेत थांबून आलो. देशात कोण येतंय हे सरकारला कळायला नको?
विनयकाका

काका,
कळायलाच हवं. पण ती पत्रं म्हणजे सरकारी दप्तराचा गोंधळ होता, कुणाला जास्त स्वातंत्र्य मिळाल्यामुळे तो झाला नाही. त्यावर उपाय काय, तर तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या, २५ देशांच्या १६ वर्षांवरच्या पुरुषांनी सरकारी कचेरीत येऊन नोंदणी करायची. उत्तर कोरिया सोडला तर जवळजवळ सगळे मुस्लिमबहुल देश. भारत यादीत नव्हता, म्हणून आपल्यातल्या बऱ्याच जणांना हे आठवतही नाही.

माझा रूममेट लाहोरचा. २००३ च्या फेब्रुवारीत मीच त्याला नोंदणीसाठी सोडायला गेलो. शर्टाला कडक इस्त्री, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घरभाड्याचा करार, पगाराच्या पावत्या. उतरताना गाडीची किल्ली, एटीएम कार्ड माझ्या हातात ठेवून म्हणाला, "रात्रीपर्यंत फोन आला नाही तर अब्बांना कळव." रात्री नऊला बाहेर आला. गाडीत अवाक्षर बोलला नाही.

असे ८० हजारांहून जास्त लोक आपल्या पायांनी गेले. सुमारे १३ हजारांवर हद्दपारीची कारवाई सुरू झाली, बहुतेक व्हिसाच्या त्रुटींवरून. दहशतवादाच्या गुन्ह्यात दोषी ठरला असा एकही नाही. अहो, ज्याला बॉम्ब ठेवायचाय तो नोंदणीच्या रांगेत कशाला उभा राहील? यादी २०११ मध्ये रिकामी केली, पण नियम डिसेंबर २०१६ पर्यंत कागदावर तसाच होता. कुणीही देशांची नावं नव्याने भरली असती.

आणि भीतीच्या दिवसांत विरोध करणं किती अवघड असतं तेही बघा. ११ सप्टेंबरनंतर सरकारला पाळतीचे जादा अधिकार देणाऱ्या पॅट्रिअट ॲक्टला सिनेटमध्ये ९८ विरुद्ध १ मतं पडली. तो एक म्हणजे विस्कॉन्सिनचे रस फाइनगोल्ड.

शुभदाताई, कार्ड लॉकरमधून काढाच, कायदा आहे. मी तर नागरिक होऊन नऊ वर्षं झाली. तरी पासपोर्टची झेरॉक्स गाडीच्या कप्प्यात असते. बायको हसते, पण तिने स्वतःची झेरॉक्सही तिथेच ठेवलीय.
संदीप