मदत हवी आहे: अर्टिगाचे टायर बदलायचेत, दोन की चार? कोणते?

कोयनाकाठ:
नमस्कार मंडळी. गाडी २०१९ ची अर्टिगा, कंपनी फिटेड सीएनजी. टायर मूळचेच, ५२ हजार किमी झाले. बाजूला '१८५/६५ आर१५ ८८एच' असं लिहिलंय. एरवी पुण्यात रोजचा वापर. अधूनमधून सहा-सात माणसं आणि सामान घेऊन उंब्रज-पाटण-कुंभार्ली घाटाने चिपळूण, भर पावसातही.

पुढच्या दोन्ही टायरांची आतली कड गोटा झालीय, बाहेरची नक्षी शिल्लक आहे. मागचे दिसायला चांगले आहेत. प्रश्न असे:
१. पुढचे दोनच बदलले तर चालेल का?
२. दुकानदार १९५/६५ टाका म्हणतोय, 'गाडी उचलली जाईल'. टाकावेत का?
३. टिकाऊ घ्यावेत की पकड चांगली असलेले?
४. नायट्रोजनचे पैसे द्यावेत का?

टॉमी_पाना:
टायरच्या आधी सस्पेन्शन बघा. दोन्ही पुढचे टायर आतूनच खातायत म्हणजे बहुधा टो (वरून पाहताना चाकांचा आत-बाहेरचा कोन) बाहेरच्या बाजूला गेलाय. तळवा नक्षीवरून आडवा फिरवा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला खरखरीत लागलं, तर टोच.

नुसतं अलाइनमेंट (चाकांचे कोन मशीनवर जुळवणं) करून भागेलच असं नाही. लोअर आर्मचे बुश (रबरी जोड), बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचं टोक) तपासून घ्या. चाक हवेत असताना घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी धरून हलवलं आणि खटखट झाली, तर टाय रॉड एंड किंवा स्टिअरिंगचा रॅक. १२ आणि ६ ला धरून हलत असेल, तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. बुश फाटलेला असेल तर मशीनवर आकडे हिरवे दिसतात आणि पहिल्या ब्रेकला चाक पुन्हा सरकतं. नवे टायरही मग तसेच आतून जातील.

अलाइनमेंटची छापील प्रत मागून घ्या, आधीची आणि नंतरची. या गाडीत पुढच्या चाकांचा टो जुळवता येतो, कॅम्बर (चाकाचा उभा कल) फिरवून जुळवायची सोय नाही. कॅम्बरचा आकडा लाल आला तर काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय, आणि तो भाग बदलावाच लागतो.

साडेतीन_मिमी:
मागचे 'दिसायला चांगले' याला अर्थ नाही. बाजूच्या भिंतीवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटचे चार अंक वाचा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. हे चार अंक टायरच्या एकाच बाजूला असतात, त्यामुळे कदाचित गाडीखाली वाकून बघावं लागेल. खाचांच्या तळाशी आणि भिंतीवर बारीक भेगा आहेत का तेही पाहा.

कोयनाकाठ:
मागच्यांवर २९१९ आहे. खाचांत केसासारख्या भेगा आहेत, खाचेची खोली अंदाजे ४ मिमी.

साडेतीन_मिमी:
म्हणजे जुलै २०१९. मग दोन की चार हा प्रश्न मिटला, चारही बदला. रबर कडक झालं की नक्षी असूनही ओल्या रस्त्यावर पकड राहत नाही. कायद्याने १.६ मिमीपर्यंत चालतं, खाचांमधले उंचवटे त्याच मापाचे असतात. पण कोकणातल्या पावसात ३ मिमीच्या खाली वापरू नये. खाच उथळ झाली की पाणी बाहेर फेकलं जात नाही आणि टायर पाण्यावर तरंगतो.

पुढे कधी दोनच बदलायची वेळ आली तर नवे मागे टाका, इंजिन पुढची चाकं ओढत असलं तरी. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी केला की सावरते. मागची घसरली तर वळणावर शेपूट फिरते, ती सावरणं घाटात कुणाला जमत नाही.

स्टेपनी विसरू नका. ती गाडीच्या पोटाखाली चिखल खात पडलेली असते. वापरली नसली तरी वय तेवढंच.

मापात_पाप_नको:
१९५/६५ बद्दल. १८५/६५ आर१५ चा एकूण व्यास ६२१.५ मिमी, १९५/६५ चा ६३४.५. फरक १३ मिमी, म्हणजे गाडी फक्त साडेसहा मिमी उचलली जाईल. बदल्यात टायर जड होतो, स्टिअरिंग आणि पिकअप थोडं मंदावतं, काटा सुमारे २ टक्के कमी वेग दाखवतो आणि स्टेपनी वेगळ्या मापाची होते. रिमवर बसतं म्हणून टाकायचं, एवढंच. मूळ माप ठेवा.

८८ च्या खाली मात्र अजिबात उतरू नका. ८८ म्हणजे प्रत्येक टायरला ५६० किलो, ८४ म्हणजे ५००. सीएनजीचा सिलिंडर मागे कायमचा आहे, त्यात तिसऱ्या रांगेत माणसं. एच म्हणजे ताशी २१० किमी, टी म्हणजे १९०. तेवढा वेग कुणालाच लागत नाही, तरी कंपनीने एच दिलाय तर एचच घ्या.

टॉमी_पाना:
ब्रँडवरून इथे दरवेळी युद्ध पेटतं, म्हणून थोडक्यात. एकाच कंपनीत दोन स्वभावाचे टायर मिळतात. सिएटचा मायलेझ आणि अपोलोचा अमेझर फोरजी लाइफ हे टिकण्यासाठी. सिएटचा सेक्युराड्राइव्ह आणि अपोलोचा अल्नॅक फोरजी पकडीकडे झुकलेले. बजेट असेल तर मिशेलिनही बघा. तुमचा घाट, पाऊस आणि भार पाहता पकडीवाला घ्या. टॅक्सीवाल्यांचं गणित वेगळं.

'अमुकच घ्या' असं ठरवून गेलात तर दुकानदार पडून राहिलेला माल गळ्यात मारतो. दोन पर्याय ठेवा आणि ज्याची तारीख ताजी तो घ्या. सहा महिन्यांच्या आतला उत्तम, वर्षापेक्षा जुना नको. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, जुना भाव सांगितला तर विचारा. पक्क्या बिलावर चारही टायरांचे क्रमांक लिहून घ्या, वॉरंटीला लागतात.

साडेतीन_मिमी:
नायट्रोजनचे पैसे वाचवा. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. दाब ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना भरा. पूर्ण भाराचा आकडा वेगळा दिला असेल तर चिपळूणला निघण्यापूर्वी तो.

दुकानात चारही व्हॉल्व्ह नवे बसवून घ्या, जुना व्हॉल्व्ह मुळाशी तडकून हवा सोडतो. टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हजवळ आणायला सांगा, बॅलन्सिंगची वजनं कमी लागतात. क्रम असा: फिटिंग, बॅलन्सिंग, मग अलाइनमेंट. नट हवेच्या गनने ठोकू देऊ नका, आधी हाताने, मग आडवेतिडवे टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत. शंभरेक किमीनंतर पुन्हा तपासायचे. नव्या रबरावर साच्याचा गुळगुळीत थर असतो, त्यामुळे पहिले दोन-तीनशे किमी सौम्य चालवा. लगेच कुंभार्ली नको.