राजीनामा आत्ता देऊ नका

ताई, तुमच्या मिस्टरांना मणक्याचा त्रास, त्यात गैरहजेरीचे मेमो, आणि आता एचआर म्हणतंय 'राजीनामा द्या, नाहीतर चार्जशीट' (म्हणजे कंपनीचं आरोपपत्र). वाचून फार वाईट वाटलं. आजारी माणसाला असं कोंडीत पकडणं चूकच आहे.

माझे मोठे भाऊ नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत प्रेस शॉपवर (पत्रा दाबून भाग बनवण्याच्या विभागात) होते, त्यांच्याबाबतीत हेच झालं. टाईप केलेला राजीनामा समोर ठेवला होता, 'वैयक्तिक कारणास्तव' असं लिहिलेला. दादांनी सही केली नाही.

आधी पगाराची पावती बघा. ईएसआयची (कामगार राज्य विमा योजनेची) कपात होत असेल तर सातपूरच्या ईएसआय रुग्णालयात दाखवा आणि तिथला दाखला घ्या. नुसत्या खाजगी डॉक्टरच्या चिठ्ठीवर भागत नाही. संबंधित सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के आजारपणाचा लाभ मिळतो. हा लाभ चालू असताना कामावरून काढता येत नाही, हे एचआरला पक्कं ठाऊक असतं. म्हणून तर राजीनाम्याची घाई!

मेमोला उत्तर लेखीच द्या, दाखल्याची झेरॉक्स जोडा आणि पोहोच घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. फोनवरच्या बोलण्याला नंतर कोणी विचारत नाही.

एवढं करूनही तब्येत साथ देत नसेल तर नोकरी जरूर सोडा, पण राजीनाम्यात आजाराचं कारण स्पष्ट लिहा. मिस्टरांची नोकरी किती वर्षांची आहे? पाच वर्षं पूर्ण असतील तर ग्रॅच्युइटीही (नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांनुसार मिळणारी रक्कम) मागायची आहे.