घरच गॅरेजला गेलं तर झोपायचं कुठे?

चाकावरचा_संसार

नमस्कार मंडळी. कोथरूडचा फ्लॅट भाड्याने देऊन डिसेंबरपासून जुन्या फोर्स ट्रॅव्हलर व्हॅनमध्ये राहतोय. सध्या मुक्काम पिरंगुटच्या पुढे, मित्राच्या प्लॉटवर. उन्हाळाभर राजा होतो. जून लागला आणि एकेक सुरू झालं.

पलंगाच्या उशाशी छतातून पाणी टिपकतंय. वरच्या पंख्याच्या कडेने दोनदा सिलिकॉन मारलं, तरी तेच. दुसरं म्हणजे रात्री दोन-अडीचला सगळे नळ बंद असताना पाण्याचा पंप आपोआप टुर्रर्र करतो. तीन सेकंद, मग गप्प. वीस मिनिटांनी पुन्हा.

मेकॅनिक म्हणतो, "इंजिन-ब्रेकचं सांगा, घरातलं आम्ही बघत नाही." प्लंबर चपला काढून आत आला, चहा प्यायला आणि "साहेब, हे हलतंय" म्हणून निघून गेला. आणि गाडी दोन दिवस गॅरेजला टाकलीच, तर मी राहू कुठे? आई म्हणते ये की घरी. पण तिचं "मी तेव्हाच सांगत होते" ऐकण्यापेक्षा गळकं छत परवडलं.

भटकभवानी

आमचा हा व्हॅनमधला तिसरा पावसाळा. पहिल्यात मी तुमच्यासारखीच सिलिकॉनची नळी घेऊन छतावर चढायचे. पाणी जिथे टिपकतं तिथूनच आत शिरतं, हा फ्लॅटमधला समज आधी सोडा. गाडी नाक वर करून उभी असेल तर पुढच्या भोकातून आलेलं पाणी पत्र्याच्या आतून धावत मागे येतं आणि तुमच्या उशीवर पडतं.

पाऊस उघडला की उशाकडची एक फळी सोडवा. आतून पत्र्यावर, जिथे जिथे भोक किंवा सांधा आहे तिथे, पाटीच्या खडूने जाड पट्टे ओढा. एकाने आत बॅटरी घेऊन बसायचं, दुसऱ्याने वर पाइपने पाणी सोडायचं. एका वेळी एकच जागा, पाच-पाच मिनिटं, खालून वर. सगळीकडे एकदम पाणी मारलंत तर काहीच कळणार नाही. जो पट्टा आधी ओला होऊन काळपट दिसेल तो चोर. आमचा चोर शिडीच्या स्क्रूत निघाला, आणि मी दोन महिने खिडकीला शिव्या घालत होते.

पंपाचं सोपं आहे. आतला दाब उतरला की तो आपोआप सुरू होतो, म्हणजे पाणी कुठेतरी जातंय. पंपाला लागूनच पुढे एक बॉल व्हॉल्व्ह बसवा आणि रात्री बंद करा. तरीही टुर्रर्र झालं तर पंपाच्या आतली झडप गेलीय, पाणी मागे टाकीत उतरतंय. गप्प राहिला तर गळती पुढे. मग प्रत्येक जोडाखाली कोरडा पेपर पसरून झोपा, सकाळी डाग सांगेल. प्लंबरने घरासारखा सीपीव्हीसीचा कडक पाइप चिकटवून दिला असेल, तर पंपाजवळचा निदान हातभर तुकडा लवचिक पाइपचा करा. पंप थरथरतो, वर आपले रस्ते. कडक जोड तडकतोच.

आणि नेलपॉलिश आणा. चेष्टा नाही. बॅटरीचे, पंपाचे, सोलरच्या पट्ट्यांचे नट घट्ट करून नट ते पत्रा अशी लाल रेघ मारा. ताम्हिणी उतरून आलात की फक्त रेघा बघायच्या. तुटलेली दिसली की नट फिरलाय.

गॅरेजचं म्हणाल तर मी मालकाला आधीच सांगते, "गाडी तुमची, रात्री घर माझं." भोसरीत एकजण अंगणात झोपू देतात. तिकडे गुरुवारी सुट्टी असते, बुधवारी संध्याकाळी गाडी उघडून ठेवू देऊ नका. मोठी कामं एप्रिल-मेमध्येच. जुलैत फक्त ठिगळं.

नानापेठकर

ताईंचं बरोबर, पण सिलिकॉनवर कोणी बोललं नाही. जुन्या सिलिकॉनवर नवं काहीच नीट धरत नाही, सिलिकॉनसुद्धा. तिसरा थर मारू नका. प्लॅस्टिकच्या पट्टीने सगळं खरवडा, पुसून कोरडं करा आणि पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंट भरा. तोवर ब्युटाइल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी, चालेल, तीही कोरड्या पत्र्यावरच.

ट्रॅव्हलर घेतलीत ते शहाणपण. शाळेच्या गाड्या, अँब्युलन्स कितीतरी त्याच, त्यामुळे इंजिन-ब्रेकचे पार्ट नाना पेठेत हातोहात मिळतात. वायर, फ्यूज, वायरीच्या टोकाचे लग तापकीर गल्लीत. आतलं प्लायवुड बदलाल तेव्हा आयएस ७१० हा मरीन प्लायचा शिक्का बघूनच घ्या, साधं प्लाय एका पावसाळ्यात फुगतं.

एक मात्र ऐका. बॉडीला वेल्डिंग करायचं असेल तर गॅसचा सिलिंडर आधी उतरवा आणि बॅटऱ्यांच्या वायरी सोडा, सोलरच्या बॅटरीच्याही. मिस्त्री "काही होत नाही" म्हणेल. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खालीच साचतो, नाकाला कळायला उशीर होतो. तुमच्या सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक आहे ना?

चाकावरचा_संसार

आठ दिवसांनी लिहितोय. भोक आहे, पण पिरंगुटच्या चिखलाने बुजलं होतं. मोकळं केलं.

रविवारी चार तास उघडीप मिळाली. मित्र वर पाइप घेऊन, मी आत खडूच्या पट्ट्यांकडे डोळे लावून. पंखा निर्दोष! सोलरची वायर छतातून आत येते तिथला रबर फाटलाय. पंख्याच्या पुढे चांगला दीड हात. ब्युटाइल टेप लावली, परवाच्या पावसात उशी कोरडी.

व्हॉल्व्ह बसवला, रात्री बंद केला, तरी टुर्रर्र. म्हणजे झडपच. पंप खोलायचा की नवा घ्यायचा? आणि ताई, ते भोसरीचे मालक कुत्रा चालवून घेतात का?

भटकभवानी

आधी खोला. आमच्या झडपेत टाकीतला प्लॅस्टिकचा कीस अडकला होता, धुतल्यावर पंप अजून चालतोय. कुत्रा चालतो. त्यांचे स्वतःचे दोन आहेत, ओळख बाहेरच करून द्या.