बागेच्या नोंदींसाठी दोन हजारांची वही घ्यावी का?

नवखा_बागायतदार

नमस्कार मंडळी. ठाण्यातली नोकरी सोडून गेल्या वर्षी देवगडला आलो. आता वडिलांची हापूसची बाग बघतो. पालवी कधी फुटली, मोहोर कधी आला, कुठल्या कलमावर कसली फवारणी झाली, किती पेट्या गेल्या, सगळं ते डायरीत लिहायचे. डायऱ्या फुकटातल्या, खताच्या दुकानातून मिळणाऱ्या. 1994 पासूनच्या बहुतेक सगळ्या माळ्यावर आहेत.

मला हे पुढे चालवायचंय, पण जरा नीट. मी फाउंटन पेनने लिहितो आणि साध्या वहीत शाई फुटते, मागच्या पानावर उतरते. म्हणून ऱ्होडिया, लॉइश्टटुर्म असल्या वह्या बघतोय. एकेक दीड-दोन हजारांच्या घरात. बायको म्हणते, तेवढ्यात दहा-बारा कलमं येतील. तिचंही खोटं नाही. कागदात खरंच एवढा फरक असतो, की नुसते नावाचे पैसे?

शाईवेडी_रत्नांग्री

फरक असतो, पण लोक तो जीएसएममध्ये शोधतात आणि फसतात. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, बस. 100 जीएसएमचा कागदही टीपकागदासारखा शाई पितो. उलट तोमोए रिव्हर नावाचा जपानी कागद 52 जीएसएमचा, जवळजवळ पतंगाच्या कागदाएवढा पातळ, तरी त्यावर शाई जागची हलत नाही. (मागचं अक्षर पुढून दिसतं, ते मात्र चालवून घ्यावं लागतं.)

खरी गोष्ट सायझिंगची. आपण सुती साडीला खळ करतो ना, तसाच प्रकार. लगद्यात पाणी अडवणारं रसायन घालतात, वरून बहुतेकदा स्टार्चचा हात देतात. हे नीट झालं असेल तर शाई वर राहून सुकते, नसेल तर धाग्याधाग्याने पळते. महाग वहीत तुम्ही मुख्यतः याचे पैसे देता. पण अशा कागदावर शाई सुकायला वेळ लागतो, आणि जुलैत तर विचारू नका. मी पान उलटायच्या आधी चहा पिऊन येते.

बॉलपेनने लिहिणार असाल तर विषय संपला. त्याची शाई तेलकट, ती कुठल्याही कागदावर फुटत नाही.

खारा_वारा

मालवणहून. कागदाचं वर आलंच आहे, मी बाकीच्या वहीबद्दल बोलतो, कारण आपल्याकडे वही आधी तिथून मरते.

मला एक भारीपैकी वही भेट मिळाली होती. नाव घेत नाही. चामड्यासारखं दिसणारं काळं कव्हर, इलॅस्टिकचा पट्टा. दुसऱ्या पावसाळ्यात कव्हर चिकट झालं, तिसऱ्यात पापुद्रे निघाले. ते चामडं नव्हतंच, पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा थर होता आणि दमट हवेत तो हळूहळू विघटित होतो. आतला कागद अजून झकास आहे, पण वही हातात घ्यावीशी वाटत नाही. स्पायरलची वही तर घेऊच नका. खाऱ्या हवेत तार गंजते आणि गंजाचे डाग पानात उतरतात. पिना मारलेल्या वह्यांचं तेच. दोऱ्याने शिवलेली वही बघा, बाकी सगळं नंतर.

बांद्याचो_झील

कागदाक कसलो बघतंस, आधी कपाटाक बघ! भिंतीक टेकून ठेवलंस तर सोन्याच्या वहयेक पण बुरशी येतली. माझ्या आवशीन सगळे हिशोब पत्र्याच्या ट्रंकेत ठेवले, अजून कोरे करकरीत आसत.

नवखा_बागायतदार

सगळ्यांचे आभार. काल माळ्यावरच्या डायऱ्या खाली काढल्या. मधे कधीतरी कौल सरकून 2005 ची डायरी चांगलीच भिजली होती. बॉलपेनने लिहिलेलं जसंच्या तसं. मार्चमधली चार पानं मात्र बाबांनी शाईपेनने लिहिली होती, तिथे नुसता निळा ढग. आणि नेमकी ती फळगळीची पानं! कागद दोन्हीकडे तोच, फुकटातला.

शाईवेडी_रत्नांग्री

मग उत्तर तुमच्या माळ्यावरच होतं की. धुऊन जाणारी रॉयल ब्लू सोडा. पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची शाई सुकल्यावर पाण्याने हलत नाही, फक्त पेन दोन-तीन आठवडे पडून राहिलं तर ते तुंबतं. रोज लिहिणार असाल तर काळजी नाही. आयर्न गॉल, म्हणजे लोहाच्या क्षाराची जुन्या पद्धतीची शाईसुद्धा टिकते, लिहिल्यावर हळूहळू काळी पडत जाते, पण पेन वेळच्या वेळी धुवावं लागतं. आणि बागेत उभ्याने लिहायला सरळ पेन्सिल. ग्राफाइट पाण्याने विरघळत नाही, उन्हाने उडत नाही.

कोरी_वही

मी जरा दुसऱ्या बाजूने. माझ्याकडे तीन महागड्या वह्या आहेत, तिन्ही कोऱ्या. पहिल्या पानावर काहीतरी शोभेलसं लिहायचं म्हणून सहा वर्षं थांबलेय. वाण्याकडच्या वहीत मात्र दूध, गॅस, भिशी, सगळं भराभर उतरतं.

पानक्रमांक

माझं उलटं होतं. पैसे मोजलेत म्हणूनच रोज बसून लिहितो. शिवाय लॉइश्टटुर्ममध्ये पानांना छापील क्रमांक असतात आणि पुढे अनुक्रमणिकेची जागा. बागेच्या नोंदींना हे फार उपयोगी. "तुडतुडे : पान 14, 37, 90" असं लिहून ठेवलं की पुढच्या मोहोराला शोधाशोध नाही. अर्थात क्रमांक हातानेही घालता येतात, हे बायकोला सांगू नका.

फर्मा_आणि_पुठ्ठा

वडील कुडाळला बाइंडिंग करायचे, म्हणून थोडं लांब लिहितो.

दोन हजार कशाला? एक्झिक्युटिव्ह बाँडचे (चांगल्या प्रतीच्या लिहायच्या कागदाचे) ताव घ्या, 85 किंवा 100 जीएसएम. आधी एकच ताव आणून तुमच्या पेनाने, तुमच्या शाईने लिहून बघा, कारण बाँड म्हटलं तरी सगळे सारखे नसतात. जमला तर बाइंडरला सांगा: आठ-आठ पानांचे फर्मे (घडी घालून एकत्र शिवायचे गठ्ठे), दोऱ्याची शिलाई, कापडी पाठ, जाड पुठ्ठा. अशी वही टेबलावर सपाट उघडते, हाताने दाबून धरावी लागत नाही. मी गेल्या वर्षी ए5 ची (ए4 च्या निम्म्या आकाराची) दोनशे पानी वही अडीचशेत करून घेतली.

दोन गोष्टी आवर्जून सांगा. एक, चिकटवायच्या खळीत मोरचूद घालायला. आमच्याकडे नेहमी घालायचे. पिठाची खळ म्हणजे कसर आणि झुरळांना जेवण. दुसरी, कागदाचा उभा धागा, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, पाठीला समांतर यायला हवा. कागदाचे तंतू ओल शोषून आडवे फुगतात, लांबीत फारसे वाढत नाहीत. धागा चुकला तर पावसाळ्यात वही पापडासारखी वाकडी होते. ओळखायचं कसं? ताव दोन्ही दिशांनी हलका वाकवून बघा, ज्या बाजूने सहज वळतो ती घडी धाग्याला समांतर.

जाता जाता, तयार वहीवर छापलेला जीएसएम खरा की खोटा हे किराणा दुकानातल्या काट्यावर कळतं. ए5 चं पान चौरस मीटरचा बत्तिसावा भाग, म्हणजे 80 जीएसएमला एक पान अडीच ग्रॅम. पाठपोट दोनशे पानांची वही म्हणजे शंभर सुटे कागद, अडीचशे ग्रॅम, वर कव्हर. सगळी मिळून दोनशेच भरली तर काय ते समजा.

नवखा_बागायतदार

काटा आंब्याचा आहेच घरात! दुकानातली एक वही तोलली, 80 लिहिलंय आणि भरली जेमतेम 65 ची. परत ठेवली.

कुडाळहून दोन प्रकारचे ताव आणले. एकावर शाई फुटली, दुसऱ्यावर नाही, मागेही उतरली नाही. त्याच्या दोन वह्या सांगितल्यात, मोरचूदासकट. बागेत पेन्सिल आणि खिशातली छोटी वही, रात्री घरी पक्की नोंद. आता बायकोलाही एक हवी आहे, आंबापोळी-फणसपोळीच्या हिशोबाला, पण एकरेघी. बाइंडर म्हणतो रेघा मारून मिळणार नाहीत.

फर्मा_आणि_पुठ्ठा

रूलिंगचं मशीन आमच्याकडचंही कधीच भंगारात गेलं. कोरीच करून घ्या, आणि जाड काळ्या रेघा मारलेला एक कागद पानाखाली सरकवायचा. 85 च्या बाँडमधून रेघा पुरेशा दिसतात, 100 मधून अंधूक. वहिनींची वही 85 चीच सांगा.