मदत हवी आहे: वाटेत रेल्वेगाडी बंद पडल्यास प्रवाशांचे हक्क कोणते?

सप्रेम नमस्कार. गेल्या आठवड्यात मडगावला परतताना आमच्या गाडीचे इंजिन पेडण्याच्या अलीकडे बिघडले आणि मार्ग एकेरी असल्यामुळे दुसरे इंजिन येईपर्यंत आम्ही साडेचार तास पाण्याविना बसून होतो. गाडी 3 तासांहून अधिक उशिरा सुटणार असेल आणि प्रवासच केला नाही, तर वेळेत टीडीआर (भाडे परत मागण्याचा रेल्वेचा अर्ज) भरून पूर्ण भाडे परत मिळते, हे ठाऊक आहे. परंतु निम्म्या वाटेत अडकलेल्याने काय करावे? पाणी, खाणे आणि वृद्धांच्या पुढील प्रवासाची सोय करणे रेल्वेवर बंधनकारक आहे का? रेल्वेच्या 139 या मदत क्रमांकावर नोंदवलेल्या तक्रारीचा क्रमांक जवळ आहे; तेवढ्यावर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येईल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.