बालचित्रपटाच्या पटकथेत मोठी माणसं मध्यंतरानंतर का गळतात?

वाडीवरची:
पटकथेचा तिसरा खर्डा, 118 पानं. कोकणातल्या एका वाडीत रात्री मुक्कामाला येणारी एसटी भारमान (गाडीतली प्रवासीसंख्या) कमी म्हणून बंद होणार आहे. दहा वर्षांच्या रेवाला जूनपासून पाचवीसाठी त्याच गाडीनं तालुक्याला जायचंय. ती आणि तिचे तीन मित्र पंधरा दिवस गाडीत माणसं भरायच्या खटपटीत असतात. वाचनाला मुलं शेवटपर्यंत रमतात, मोठे मात्र मध्यंतरानंतर चुळबुळ करतात. कंडक्टर आणि बाबांच्या तोंडी फक्त मोठ्यांना कळतील असे विनोद घालावेत, अशी सूचना आली आहे. तेवढ्यानं भागेल का?

पानउलटा:
नाही भागणार. मोठे तेवढ्यापुरते हसतील, आणि आपल्याला वगळून काहीतरी चाललंय हे मुलांना लगेच कळेल.

गाडी गेली तर मोठ्यांचं काय जातं, हेच तुमच्या गोष्टीत नाही. समजा बाबांना वाडी सोडून मुंबईला जायचंय आणि आईला इथंच राहायचंय. गाडी बंद झाली की बाबांचं म्हणणं आपोआप खरं ठरतं. म्हणजे रेवा एकेक प्रवासी गोळा करते तेव्हा नकळत आईच्या पारड्यात वजन टाकत असते. तिला ते शेवटापर्यंत कळू नये, मोठ्या प्रेक्षकाला मात्र पहिल्या वीस पानांत कळायला हवं. 'एलिझाबेथ एकादशी'त (2014) हेच साधलंय. मुलांसाठी प्रश्न सायकल वाचवायचा आणि त्यासाठी पंढरपूरच्या जत्रेत बांगड्या विकायचा. मोठ्यांना त्याच प्रसंगांत आईचं कर्ज दिसत राहतं. वेगळं उपकथानक लागत नाही.

खर्डा तपासताना प्रत्येक प्रसंगाच्या समासात दोन ओळी लिहा: रेवाला काय माहीत आहे, मोठ्या प्रेक्षकाला काय माहीत आहे. सलग चार-पाच प्रसंगांत दोन्ही ओळी सारख्याच निघाल्या तर गळती तिथे आहे.

चौकट:
सहमत, पण एक धोका आहे. हे वाचून आईबाबांच्या भांडणाचे प्रसंग लिहायला घेऊ नका. रेवा हजर नसलेला प्रसंग शक्यतो ठेवूच नका, नाहीतर मुलांचा सिनेमा मधेच मोठ्यांचा होतो आणि मग मुलं चुळबुळ करतात. मोठ्यांचा ताण कामांतून दाखवा. मिरग (मृग नक्षत्र, पावसाची सुरुवात) तोंडावर आला तरी बाबा घर शाकारायचं मनावर घेत नाहीत, आई मात्र तरव्यासाठी (लावणीच्या रोपांसाठी) भाताचं बी काढून ठेवते. रेवा दोन्ही पाहते, तिला त्यात काही वावगं वाटत नाही.

शेवटही याच तऱ्हेनं बांधता येतो. माजिद माजिदींच्या 'चिल्ड्रन ऑफ हेवन'मध्ये (1997) मुलाला शर्यतीत तिसरा यायचं असतं, कारण बूट तिसऱ्या बक्षिसाला आहेत. तो पहिला येतो आणि हिरमुसतो. पण वडिलांच्या सायकलवर नवे बूट आपल्याला दिसलेले असतात, त्याला नाही. मुलांना हुरहूर, मोठ्यांना दिलासा, आणि कुणी एक वाक्य बोललेलं नाही.

खर्डेघाशी:
लांबीबद्दल. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, म्हणजे जवळपास दोन तास झाले. 95 ते 100 पानांवर आणा. आधी प्रवासी जमवण्याच्या युक्त्या कापा. तीन पुरेत, आणि प्रत्येक युक्ती आधीच्या युक्तीच्या फसण्यातून निघाली पाहिजे.

शिवाय गाडी रात्री येते, म्हणजे चार मुलांसह रात्रीचं चित्रीकरण. बालकामगार कायद्याच्या 2017 च्या नियमांप्रमाणे बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. रात्रीचे प्रसंग दोनच ठेवा, बाकीचे संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर किंवा गाडी सुटते त्या सकाळी हलवा. मुलांना एका वेळी दोन वाक्यांपेक्षा जास्त संवाद देऊ नका. हातात काम द्या: आठळ्या (फणसाच्या बिया) सोलणं, टायरमध्ये हवा भरणं. बोलणं आपोआप सुटसुटीत येतं.

वाडीवरची:
आभार, बाबांचा धागा लगेच घेते. मग खलनायक कोण? सध्या आगार व्यवस्थापक आहे.

पानउलटा:
त्याला खलनायक करू नका. रिकामी गाडी चालवणं परवडत नाही हे त्याचं म्हणणं बरोबरच आहे, आणि ते रेवाला मान्य करावं लागलं तर ती मोठी वाटेल.

त्याऐवजी एसटीच्या सवलती वापरा. 75 वर्षांवरच्यांना राज्यात प्रवास मोफत आहे. तिकिटाला पैसे नाहीत म्हणून मुलं वाडीतले सगळे म्हातारे गाडीत बसवतात. मुलांना हा धमाल प्रसंग आहे: काठ्या, पानाचे डबे, खिडकीसाठी भांडणं. मोठ्यांना त्याच गर्दीत दिसतं की वाडीत आता म्हातारेच उरलेत. हे कुणाच्याही तोंडी घालू नका. कंडक्टर नुसता शून्य रुपयांची तिकिटं फाडत राहू दे. आणि प्रसंग मध्यंतरानंतर लगेच, पन्नास ते पंचावन्न पानांच्या दरम्यान ठेवा. तुमचे मोठे तिथेच गळताहेत.